कुठल्या पालखीबरोबर चालायचं?

सोमेश्वरनगरचा माणूस पालख्यांच्या बाबतीत श्रीमंत आहे. पश्चिमेला नीरा गावात माऊलींची पालखी येते. तिथं नदीत पादुकांना आंघोळ घालतात, पालखी पूल ओलांडते आणि सातारा जिल्ह्यात लोणंदला मुक्कामाला जाते. पूर्वेला बारामतीत तुकोबांची पालखी मुक्काम करते, मग काटेवाडी, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर करत सराटीला त्याच नीरा नदीवर येते. आणि या दोघींच्या मधून सासवडच्या सोपानकाकांची पालखी मांडकी, निंबूत करत थेट आमच्या दारात येते आणि कोऱ्हाळ्याकडून बारामतीला जाते. तिन्ही ज्येष्ठ वद्यात निघतात, तिन्ही एकादशीच्या तोंडावर वाखरीला एकत्र येतात. त्यामुळं इथं वारीला जायचं की नाही यापेक्षा कुठल्या पालखीबरोबर जायचं, यावरच पारावर जास्त बोलणं होतं.

हे बोलणं आता आपल्या पोरांतही आलंय. विहारात संध्याकाळी जमणाऱ्या, जयंतीची वर्गणी गोळा करणाऱ्या, भाषणात कुणी बाबासाहेबांची तारीख चुकवली तर मधेच उठून दुरुस्त करणाऱ्या पोरांत. त्यांच्यात सरळ चार तट आहेत. पहिला म्हणतो, चालायचं तर माऊलींबरोबर. सगळ्यात मोठी पालखी, दिंड्यांना नंबर, चोपदारानं चोप वर केला की एवढा जनसागर गप्प होतो, संघटना कशी बांधतात ते बघायला मिळेल. दुसरा म्हणतो, तुकोबा आपले. त्यांच्या वह्या बुडवल्या, त्यांना बामणांनी छळलं, त्यांच्या मागं चालण्यात लाज कसली? तिसरा म्हणतो, लांब कशाला, सोपानकाकांची दारातली आहे, ओळखीची माणसं आहेत. चौथा तट म्हणतो, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्या कशाला? वाटा बघत बसायला?

चौथ्या तटाचं म्हणणं सरळ आहे. मीही विठ्ठलाला हात जोडत नाही. पण एवढं म्हणून विषय मिटत नाही. वारी आपल्या वस्तीला वळसा घालून जात नाही. आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या अजून तुळस डोक्यावर घेऊन जातात. काही पुरोगामी मंडळी संविधान समता दिंडी घेऊन पालखीबरोबर चालतात, आणि आपली पोरं त्यांच्यात जातात. २०२५ च्या जुलैत विधान परिषदेत वारीत शहरी नक्षलवादी घुसलेत असा आरोप झाला. म्हणजे वारीत कोण चालतंय यावर सरकार दरबारी लोकांचं ध्यान आहे. मग आपणच डोळे मिटून बसायचं का?

मी साखर कारखान्यातला हंगामी कामगार, कविता लिहिणारा. शाळा दहावीपुरती, पुढचं सगळं वाचनालयातून आणि रद्दीतून. वाद पडला की आधी पुस्तक काढायची सवय. वारीवर मराठीत पुस्तकं ढिगानं आहेत. बरीचशी कपाळाला अष्टगंध लावून लिहिलेली. घाम गाळून लिहिलेली दोन मला महत्त्वाची वाटतात. एक, इरावती कर्वे यांचा 'परिपूर्ती'मधला 'वाटचाल' हा लेख, ज्याचं इंग्रजी १९६२ साली परदेशी अभ्यासकांच्या हाती गेलं. दुसरं, दि. बा. मोकाशी यांचं 'पालखी'. मोकाशी १९६१ साली चालले, पुस्तक १९६४ साली आलं, त्याचंही १९८७ साली इंग्रजी झालं. जगाला वारी कळली ती मोठ्या प्रमाणात या दोघांच्या डोळ्यांनी. आणि दोघंही माऊलींच्याच वाटेनं चालले. पुण्याहून दिवेघाट, सासवड, जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद, फलटण. तुकोबांची बारामती-इंदापूरची वाट या दोन पुस्तकांच्या बाहेर राहिली. आमची सोपानकाकांची तर राहिलीच.

आधी इरावतीबाई. त्या मानववंशशास्त्राच्या पंडिता, डेक्कन कॉलेजातल्या. माणसांना मोजणं, त्यांची कुळं लावणं हा त्यांचा धंदा. पण या लेखात त्या मोजपट्टी खाली ठेवतात. त्यांच्या दिंडीत ब्राह्मण होते आणि मराठे होते. दिवसभर एकत्र चालायचं, एकत्र अभंग म्हणायचे, आणि जेवायची वेळ झाली की दोन चुली, दोन पंगती. हे बाईंना टोचलं. त्यांनी ते लपवलं नाही. त्या उठून मराठा बायकांच्या पंगतीला जाऊन जेवल्या आणि त्यानंतर त्या बायका आपल्याशी जास्त मोकळ्या झाल्या, असं त्यांनी लिहिलंय. हे सगळं एकत्र चालणं-गाणं फक्त परलोकातल्या एकीसाठी आहे का, इहलोकात वेगळेपण तसंच ठेवायचं का, असा प्रश्न त्या विचारतात. मला हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. वारीवर लिहिणाऱ्या भल्याभल्यांना तो सुचलेला नाही.

पण दोस्तांनो, जरा थांबा. बाईंच्या लेखातली फट ब्राह्मण आणि मराठा यांच्यामधली आहे. तिसरी पंगत कुठं होती? माऊलींच्या सोहळ्याच्या जुन्या रचनेत रथाच्या पुढं नंबरानं दिंड्या, रथाच्या मागं नंबरानं दिंड्या, रथापुढच्या दिंड्यांच्या पुढं घोडा, आणि अस्पृश्यांच्या दिंड्या त्या घोड्याच्याही पुढं. ऐकणाऱ्याला वाटेल, वा, सगळ्यात पुढं! तर तसं नाही. सोहळा सुरू होतो घोड्यापासून. घोड्याच्या पुढं म्हणजे सोहळ्याच्या बाहेर. गावात सांगावा घेऊन पुढं पळणारा महार असायचा, त्याला कुणी पुढारी म्हणत नव्हतं. तसलाच हा प्रकार.

बाईंना मी दोष देत नाही. माणूस एका दिंडीत शिरला की त्याला त्या दिंडीपुरतं दिसतं. पुढच्या दिंडीच्या पताका दिसतात, मागच्या दिंडीचे टाळ ऐकू येतात. चार दिंड्यांपलीकडं कोण काय खातंय ते कळत नाही. वाट निवडली, दिंडी निवडली की काय दिसणार तेही निवडून झालेलं असतं. वाचणाऱ्यानं एवढं ध्यानात ठेवावं. बाईंना पंढरीला जाणाऱ्या लोकांत महाराष्ट्र सापडला. तो अर्धा खरा आहे. पंढरीला जाऊन महाद्वाराच्या बाहेरूनच परत फिरणाऱ्यांचाही एक महाराष्ट्र होता, आणि तो कमी मैल चालला नव्हता.

आता मोकाशी. हा माणूस मला जवळचा वाटतो, कारण पुण्यात रेडिओ दुरुस्तीचा धंदा करायचा. खरखर कुठून येते ते कान लावून ऐकायचं आणि मग खोक्याला हात लावायचा, ही त्याची रीत लिहिण्यातही आहे. त्यांच्या 'पालखी'त देव कमी आणि माणसं जास्त. पाय, ऊन, मुक्काम, जेवण, माणसाचा कंटाळा, माणसाची माया. श्रद्धा नसलेला मध्यमवर्गीय माणूस श्रद्धेच्या लोंढ्यात चालतोय आणि आपण यांच्यातले आहोत का, होऊ शकतो का, हे स्वतःला विचारतोय. खोटं भारावणं नाही. आपल्या कवींनी हे पुस्तक वाचलं पाहिजे, निदान साधं कसं लिहावं ते कळायला.

पण मोकाशींचा आणि आपला प्रश्न एक नाही. ते विचारतात, मी या लोकांतला होऊ शकतो का? त्यांना दार उघडंच होतं. आत जायचं की नाही हा त्यांच्या मनाचा खेळ होता. आपल्या माणसाला विचारावं लागतं, हे लोक मला आपल्यातला धरतात का? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मनात शोधता येतं. दुसऱ्याचं उत्तर पंगतीत बसल्याशिवाय मिळत नाही. मन कितीही रमलं तरी वाढपी ताट टाळून पुढं गेला की सगळं संपतं. दोन्ही पुस्तकं प्रामाणिक आहेत, दोन्ही मोठी आहेत, आणि दोन्ही हा दुसरा प्रश्न विचारू शकत नव्हती. तो विचारणारं पुस्तक त्यांच्याकडं मागणं अन्यायाचं होईल. ते काम आपलं आहे.

आणि आपण काय केलं? आपल्या कवितेत विठ्ठल येतो तो दोनच तऱ्हेनं. एक तर त्याला शिवी घालायला, नाहीतर चोखोबासाठी रडायला. शिवी घालणं सोपं झालंय, विटेवरचा तो काही उलटून बोलत नाही. चोखोबासाठी रडणारेही चोखोबाला एकटाच रडवतात. त्याची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, पोरगा कर्ममेळा, हे सगळं घर अभंग लिहिणारं होतं. त्यातला कर्ममेळा देवाला तोंडावर जाब विचारणारा होता. त्याचं नाव आपल्या किती पोरांना माहीत आहे? चोखोबा मेला तो मंगळवेढ्याला, गावकुसाचं काम करताना, १३३८ साली, भिंत अंगावर कोसळून. वेठीच्या कामावरचा मजूर होता तो. अपघातात मेलेला मजूर. माझ्यासारख्या कामगाराला त्याचं हे मरण त्याच्या समाधीपेक्षा जास्त सांगतं.

आता पुस्तकं बाजूला ठेवून वाटांकडं येऊ. या वाटा दोन झाल्याच कशा? १६८५ साली तुकोबांचे चिरंजीव नारायणमहाराज यांनी ज्ञानोबा आणि तुकोबा दोघांच्या पादुका एकाच पालखीत घालून सोहळा सुरू केला. पुढं मानाच्या, हक्काच्या कुरबुरी झाल्या आणि एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी माऊलींची पालखी वेगळी काढली. म्हणजे सासवडवरून जायचं की यवतवरून, हा फरक भक्तीतून आलेला नाही. तो मानातून आलाय. त्यामुळं 'तुकोबा आपले, म्हणून त्यांची पालखी आपली' हे दुसऱ्या तटाचं म्हणणं लगेच मान्य करता येत नाही. तुकोबा आपले असतील. पालखी ही तुकोबा नव्हे. पालखी म्हणजे मान, हक्क, क्रम, मुक्काम आणि वहिवाट.

तुकोबांच्या वाटेवर काटेवाडी लागते. तिथं परीट समाज पालखीपुढं धोतरांच्या पायघड्या घालतो, मेंढपाळ पालखीभोवती मेंढ्यांचं रिंगण करतात. बघायला देखणं आहे. फोटोवाले तिथं कोपरानं ढकलाढकली करतात. पण जरा विचार करा. परटाचा मान कोणता? धोतरं अंथरायचा. धनगराचा मान कोणता? मेंढरं फिरवायचा. ज्याचं जे जातीचं काम, तोच त्याचा मान. या हिशेबानं आपल्याला मान मिळाला असता तर तो कशाचा असता? मेलेलं ढोर ओढायचा?

मानाच्या यादीतही हेच. कोरोनाच्या साथीत २०२० आणि २०२१ साली पायी वारी बंद होती, पादुका एस.टी.नं पंढरपूरला नेल्या. २०२१ साली सरकारनं अशा दहा मानाच्या पालख्यांना परवानगी दिली. निवृत्तिनाथ, ज्ञानेश्वर, सोपानदेव, मुक्ताबाई, एकनाथ, नामदेव, तुकाराम, निळोबाराय, चांगावटेश्वर, कौंडण्यपूरची रुक्मिणी. त्या दहांत चोखोबाची पालखी नव्हती. नामदेवांनी ज्याची हाडं मंगळवेढ्याहून आणून महाद्वारापुढं पुरली असं हेच लोक कीर्तनात सांगतात, त्याला दहात जागा नाही. वाट निवडायला बसलेल्या पोरानं ही यादी एकदा पाठ करावी.

आता वाटेच्या मागच्या बाजूला बघू. वारीवर लिहिणारा पुढं बघत लिहितो, कळसाकडं. पालखी पुढं गेल्यावर गावात काय उरतं? पत्रावळ्या, चिखल आणि घाण. हे कोण उचलतं? पंढरपुरात वारीच्या दिवसांत माणसांना हातानं मैला साफ करावा लागतो, म्हणून मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. त्यानंतर चंद्रभागेच्या वाळवंटात तंबू-राहुट्या टाकायला बंदी आली, शौचालयं बांधायचे आदेश झाले, वाटेवर फिरती शौचालयं आली, 'निर्मल वारी' सुरू झाली. चांगलं झालं. पण हातानं मैला उचलायला लावू नये असा नवा कायदा २०१३ साली झाला होता, आणि तरीही देवाच्या गावासाठी माणसांना कोर्टात जावं लागलं. फिरत्या शौचालयाच्या गाडीबरोबरही कुणीतरी असतोच. त्याची जात विचारायला लागत नाही. तो झाडूवाला आळंदीपासून पंढरपूरपर्यंत जातो. तोही वारकरीच की. त्याची दिंडी किती नंबरची?

आता बाबासाहेबांनी काय केलं ते बघू, कारण आपल्यात शेवटी गाडी तिथंच येते आणि यायलाच पाहिजे. ३१ जानेवारी १९२० ला 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याच्या माथ्यावर तुकोबांचं वचन होतं. ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत' निघालं तेव्हा माथ्यावर ज्ञानेश्वरीतल्या ओव्या होत्या. म्हणजे एकदा देहूची वाट, एकदा आळंदीची. वडील रामजीबाबा कबीरपंथी, घरात संतांची गाणी. बाबासाहेबांना या वाटा पायाखालच्या होत्या. पण पुढं 'जनता' आणि १९५६ साली 'प्रबुद्ध भारत' निघालं तेव्हा त्या वाटा मागं पडल्या होत्या. मधल्या काळात महाड झालं, काळाराम झालं, येवला झालं. 'जातिप्रथेचं उच्छेदन' १९३६ साली छापलं, त्यावर गांधीजींनी टीका केली. तिला उत्तर देताना त्यांनी संतांचा हिशेब मांडला. संतांनी माणूस आणि देव यांच्यातली समता सांगितली, माणूस आणि माणूस यांच्यातल्या लढ्यात ते उतरले नाहीत, असा त्याचा मथितार्थ. तरी १९४८ साली अस्पृश्यांच्या मुळाविषयीचं पुस्तक त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांना अर्पण केलं. चोखोबा मनात राहिला, चोखोबाची पायरी मात्र त्यांनी नाकारली.

रमाईची गोष्ट तर सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना पंढरपूरला जायचं होतं. जी पंढरी आपल्या माणसांना दारातून हाकलते तिथं कशाला जायचं, आपण दुसरी पंढरी उभी करू, असं साहेबांनी त्यांना समजावलं, हे धनंजय कीरांच्या चरित्रात आहे. रमाई २७ मे १९३५ ला गेल्या. साने गुरुजींच्या उपोषणानंतर पंढरपूरचं देऊळ उघडलं ते मे १९४७ मध्ये. बारा वर्षं उशीर झाला. देऊळ उघडल्यावर बडव्यांनी देवाचं तेज आधीच घागरीत काढून घेतलं होतं, अशी गोष्ट अजून सांगतात. ती खरी असो नसो, ती सांगावीशी वाटते यातच सगळं आलं.

२५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली आणि पंढरपूरचं दैवत मुळात बुद्धाचं आहे असं सांगितलं. तुकोबांचं देहू तिथून हाकेच्या अंतरावर. आपल्यातले काहीजण आता म्हणतात, विठ्ठल बुद्धच आहे, मग वारी आपलीच, चला. विठ्ठलाच्या मुळावर रा. चिं. ढेरे यांचं 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' हे १९८४ चं पुस्तक आहे. त्यात त्याची मुळं गवळी-धनगरांच्या देवात शोधली आहेत, बुद्धाशी लावलेल्या नात्याचीही चर्चा आहे. अभ्यास व्हावा, जरूर व्हावा. पण सातबाऱ्यावर नाव लागलं म्हणून पंगतीत पान पडत नाही. जमिनीचा सातबारा हातात असून वतनदाराच्या बांधावर मार खाल्लेली माणसं आपल्याच घरात आहेत.

मग चालायचं असलं तर कुठल्या पालखीबरोबर? मी माझं माप सांगतो. वाटेच्या शेवटी कोण उभा आहे ते बघू नका, वाटेवर काय चालतं ते बघा. चुलीवर कुणाचे हात आहेत? पाण्याच्या टाकीला कोण हात लावतो आणि कुणाला वरून ओततात? दिंडी मुक्कामाला कुणाच्या दारात उतरते, आपल्या वस्तीत उतरते का? आणि पालखी गेल्यावर झाडू कुणाच्या हातात?

या मापानं माऊलींची पालखी तपासायला सगळ्यात अवघड. तिथं माणसं इतकी की तुम्हाला कुणी ओळखत नाही. तिथून आलेलं पोरगं सांगतं, "दादा, जात नावाची चीजच नाय तिथं. माऊली म्हणत्यात आन् पाया पडत्यात." मी विचारलं, "आडनाव सांगितलं व्हतंस का?" म्हणालं, "कुणी इचारलंच नाय." बरोबर आहे. लोकल गाडीतही कुणी विचारत नाही. गर्दीत जात लपते. लपते म्हणजे मेली असं नाही. तुकोबांच्या वाटेवरही बारामती-इंदापूरसारख्या बाजाराच्या गावांत तसंच. आता तर दोन्ही वाटांचे राष्ट्रीय महामार्ग होतायत, ८ नोव्हेंबर २०२१ ला त्यांची कोनशिला बसली. माऊलींच्या मार्गाचे सुमारे २२१ किलोमीटर, तुकोबांच्या मार्गाचे सुमारे १३० किलोमीटर. रस्ता रुंद झाला की माणूस आणखीच अनोळखी होतो.

म्हणून मी म्हणतो, ज्याला वारी तपासायची आहे त्यानं सोपानकाकांची धरावी. भक्तीसाठी नव्हे. त्या वाटेवरची गावं लहान आहेत. निंबूत, सोमेश्वरनगर, कोऱ्हाळं. इथं आपलं आडनाव सांगावं लागत नाही, बापाचं नाव सांगितलं की आज्यापर्यंत सगळं निघतं. इथं पंगतीत बसलं तर माणसानं ओळखून बसवलेलं असतं, आणि उठवलं तर ओळखूनच उठवलेलं असतं. इथं दिंडीला आपल्या वस्तीत एका वक्ताचं जेवण देऊ केलं, तर ती जेवते की 'वेळ नाही माऊली' म्हणून पुढं सरकते, ते सगळ्या गावादेखत ठरतं. जेवली तर आनंदच आहे, तसं छापू. सरकली तर तेही छापू, गावाच्या नावासकट. मोठ्या पालखीत आलेला सुखद अनुभव घेऊन घरी येणं सोपं आहे. त्यातून काही सिद्ध होत नाही.

आता चौथ्या तटाकडं परत येतो, कारण शेवटी मी त्यांच्यातलाच आहे. ते म्हणतात, आपल्या वाटा वेगळ्या आहेत. आहेतच. १ जानेवारीला कोरेगाव, २० मार्चला महाड, विजयादशमीला दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला चैत्यभूमी. लांबचं चालणंही आपल्या पायांना माहीत आहे. ११ नोव्हेंबर १९७९ ला दीक्षाभूमीवरून औरंगाबादकडं लाँग मार्च निघाला, वाटेत अटका झाल्या, लाठ्या पडल्या. त्या वाटेच्या शेवटी विद्यापीठाचं नाव होतं. ते मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडला. मोक्षासाठी नाही, मागणीसाठी चालणं आपण महाराष्ट्राला दाखवलं.

पण कारखान्याच्या कामगाराला एक अडचण आहे, ती पुण्या-मुंबईच्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात येत नाही. साखरेचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. दसऱ्याला पुष्कळ कारखान्यांत बॉयलरचं अग्निप्रदीपन असतं, त्याच दिवशी आपली दीक्षाभूमी. ६ डिसेंबरला, १ जानेवारीला तिन्ही पाळ्या जोरात. आषाढात मात्र गाळप बंद, हंगामी माणूस रिटेन्शनवर घरी, हात रिकामे. पंचांग आणि हंगाम दोघांनीही वारीला सवड ठेवली आहे, आपल्या दिवसांना नाही. पोरं वारीकडं वळतात त्यात भक्ती किती आणि रिकामे दिवस किती, याचा हिशेब चौथ्या तटानं करावा. आषाढात आपण त्यांना काय देतो? जयंती झाली की विहाराला कुलूप. उघडायचं ते थेट वर्षावासाला, आणि तेही सगळीकडं नाही.

माझं म्हणणं असं. नीरा नदीच्या अंगानं खाली गेलं की ती नरसिंहपूरला भीमेला मिळते आणि पुढं पंढरपूर. वर गेलं की भोर, मग वरंधा घाटाचा माथा, जिथं ही नदी उगवते, आणि घाट उतरला की महाड. आमच्या उसाला डाव्या कालव्यानं जे पाणी येतं, त्याच पाण्याची ही दोन टोकं. खालच्या वाटेवर पादुकांना नदीची आंघोळ घालतात. वरच्या टोकाला १९२७ साली माणसं तळ्याचं पाणी प्याली म्हणून त्या तळ्यालाच पंचगव्य घालून आंघोळ घातली. आषाढात ही वरची वाट का चालू नये? २० मार्चलाच महाडला जायला हवं असा काही धर्मनियम नाही, आपण तिथी पाळणारे लोक नाही. पंधरा-वीस पोरांनी पावसात पाच-सहा दिवस चालावं, मुक्कामाच्या गावात विहारात, शाळेत उतरावं, रात्री महाडचा इतिहास, कामगार कायदा, कविता बोलावी.

आणि ही वाट चालताना वरचे चार प्रश्न स्वतःलाही विचारावेत. आपल्या मोर्च्यात मातंग किती, चर्मकार किती, मेहतर किती? आपल्या पंगतीत त्यांचं ताट कुठं असतं? स्वयंपाक पोरीच करणार का? आपला जथा पुढं गेल्यावर मैदान झाडायला कोण येतं? ही उत्तरं बरी नसली तर आपणही झेंड्याचा रंग बदललेली पालखीच काढली असं होईल.

ज्याला वारीला जायचंय त्यानं जावं, त्याला कुणी फितूर म्हणू नये. पण रिकाम्या हातानं परत येऊ नये. कुठल्या दिंडीत चाललास, जेवण कुणी रांधलं, पाणी कुणी वाढलं, आडनाव कधी विचारलं आणि विचारल्यावर काय झालं, पालखीमागं झाडू घेऊन कोण होतं, हे रोजच्या रोज वहीत उतरवावं. बाईंनी आणि मोकाशींनी आपापल्या वहीत उतरवलं म्हणून आज आपण त्यांच्याशी भांडू शकतो. महाडच्या वाटेनं जाणाऱ्यांनीही तसंच लिहावं. शुद्धलेखनाची चिंता करू नये, ते आम्ही बघू. दोन्ही वाटांवरून आलेल्या वह्या पुढच्या अंकात शेजारी शेजारी छापू, आणि मग कुठली वाट धरायची ते वाचणाऱ्यांनी ठरवावं.